तोंडी सगळं येतं, पुस्तक उघडलं की अडतो

मागच्या अंकात मी जाता जाता एक ओळ लिहिली होती, की वाचताना अडणारं मूल आळशीच असतं असं नाही. त्या एका ओळीवर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, मी बडोद्यात दांडिया बाजारात राहते आणि गेली २२ वर्षं घरीच मुलांना वाचायला शिकवते, म्हणजे शाळेत ज्यांचं गाडं पुढे सरकलं नाही अशांना. डॉक्टर नाही, शिक्षिका आहे, तेव्हा उत्तरं त्याच बेताची समजा. या वेळी सहा जणांचं घेतलंय. त्यातलं एक पत्र नाहीच, व्हॉइस नोट आहे, तिच्याकडे शेवटी येते.

ताई, माझा मुलगा तिसरीत आहे, इंग्लिश मीडियम. क्रिकेटचा स्कोअर विचारा, गणपतीत आरत्या म्हणायला सांगा, सगळं तोंडपाठ. पण रीडर उघडला की घाम फुटतो त्याला. पहिलं अक्षर बघतो आणि पुढचं मनानेच ठोकून देतो. फळ्यावरचं उतरवायला तासभर, तेही अर्धवट. टीचर म्हणतात केअरलेस आहे, सासूबाई म्हणतात डोळे तपासा, आणि मी खरं सांगते, एकदा पट्टीने मारलं पण. रात्री तो झोपल्यावर रडले. शाळेत इंग्लिश, हिंदी आणि गुजराती, घरी आम्ही मराठी. हे डिस्लेक्सिया असेल का? – एक आई, मांजलपूर

आधी पट्टीचं. मारलंत, वाईट वाटलं, आता ती पट्टी भूमितीसाठी ठेवा, विषय संपला. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ आयांनी मारलेलं असतं आणि उरलेल्या दोघी सांगत नाहीत.

पत्रावरून निदान मी करणार नाही, कुणीच करू नये, पण तुम्ही लिहिलेलं चित्र ओळखीचं आहे. तोंडी हुशार, वाचताना अंदाजपंचे, उतरवताना हळू. डिस्लेक्सियात अक्षरं नाचतात, उलटी दिसतात असं सिनेमा बघून सगळ्यांना वाटतं. ते तसं नसतं हो. बी आणि डी उलटं लिहिणं सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक सगळीच मुलं करतात. खरी गाठ बहुतेक वेळा कानाच्या बाजूला असते. म्हणजे ऐकू नीट येतं, पण बोललेल्या शब्दातले आवाज सुटे करणं, ते लक्षात धरणं आणि त्यांना अक्षराशी जोडणं हे मेंदूला पटकन जमत नाही. बोलणं आपण आपोआप शिकतो पण वाचणं नाही, लिपी माणसाच्या हातात आली त्याला जेमतेम पाच हजार वर्षं झालीत, त्यासाठी मेंदूत जन्मतः वेगळी खोली बांधून ठेवलेली नसते, बोलण्याच्या आणि बघण्याच्या खोल्यांमध्ये प्रत्येक मुलाला नवीन वाट पाडावी लागते. कुणाची वाट लवकर पडते, कुणाची फार उशिरा. बुद्धीचा त्याच्याशी काही संबंध नाही.

घरच्या घरी एक गंमत करून बघा. गाण्याच्या भेंड्या खेळता ना, लहानपणी च-ची भाषा पण बोलला असाल, 'तुला काय' म्हणजे 'चलातु चयका'. त्याला म्हणावं 'कमळ'मधला क काढ, काय उरलं? 'बडोदा'मधलं शेवटचं अक्षर कोणतं? त्याच्या वयाची मुलं चुटकीसरशी सांगतात. जे मूल आरत्या धडाधडा म्हणतं पण इथे गोंधळतं, भेंड्यांमध्ये गाणी भरपूर येत असून शेवटचं अक्षर शोधण्यात हरतं, त्याच्याकडे मी जरा नीट बघते. ही टेस्ट नव्हे, फक्त खूण.

आता तुमच्या घरातली खरी गर्दी, लिप्यांची. आपल्या बडोद्याच्या मराठी मुलांचं हे मोठं दुखणं आहे आणि पुण्याच्या पुस्तकांत ते सापडत नाही. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या सगळ्याच शाळांत पहिली ते आठवी गुजराती शिकवायचंच आहे, त्यामुळे आठ वर्षांच्या पोराच्या डोक्यात तीन लिप्या. गुजरातीला वरची रेघ नाही, तिथला र दिसतो आपल्या २ आकड्यासारखा. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी लिहायची आधी आणि बोलायची नंतर, आणि एकट्या र चे अवतार बघा, सूर्यात डोक्यावर बसतो, प्रकाशात पायाशी तिरका, राष्ट्रात अजून वेगळा, वाऱ्यात अजून निराळा. आणि इंग्लिश तर विचारूच नका, सी-यू-टी कट होतं तर पी-यू-टी पुट का, याचं उत्तर माझ्या वडिलांकडे नव्हतं, माझ्याकडेही नाही. २६ अक्षरं आणि आवाज चाळीसच्या वर, मग एकेका अक्षराला दोन-तीन नोकऱ्या कराव्या लागणारच. मराठी, हिंदी, गुजरातीत अक्षर बघितलं की आवाज ठरलेला, म्हणून असं मूल तिथे हळूहळू का होईना बरोबर वाचायला लागतं, फक्त वेग येत नाही, आणि घरचे म्हणतात हिंदी येतं की, इंग्लिशचाच कंटाळा करतो. कंटाळा नाही, इंग्लिशमध्ये ते झाकलं जात नाही एवढंच.

मग करायचं काय. पहिलं, डोळे आणि कान दोन्ही एकदा तपासून घ्या, सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. दुसरं, रीतसर तपासणी. शिकण्यातल्या अशा अडचणी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोजलेल्या २१ प्रकारांत आहेत आणि २०१८ साली निघालेल्या नियमावलीप्रमाणे सर्टिफिकेट आठ वर्षं पूर्ण झाल्यावर मिळायचं, मग १४ व्या वर्षी आणि १८ व्या वर्षी परत तपासणी, आणि १८ चं आयुष्यभर चालायचं; ती नियमावली २०२४ मध्ये बदलली, तेव्हा आत्ताचं काय ते तपासणाऱ्यांनाच विचारा. आधी बुद्ध्यांक बघतात, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या, बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू आणि मनाच्या आजारांच्या संस्थेची चाचणी त्यासाठी वापरतात. मराठीतसुद्धा तपासता येतं बरं का, मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डाली नावाची चाचणी बनवलीय ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्लिशमध्ये आहे. तपासणारा मानसशास्त्रज्ञ किंवा शिकवणारा स्पेशल एज्युकेटर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला आहे का ते विचारा, नंबर मागायला लाजू नका, आपण रिक्षाचं भाडं विचारतोच ना.

तिसरं, आणि हे आजपासून. तपासणीची वाट बघत बसू नका. एका वेळी एकच लिपी पक्की करा. इंग्लिश मीडियम आहे म्हणून माझं मत इंग्लिशचे आवाज आधी, आणि दुसरा हात देवनागरीला, ती एक लिपी हिंदी-मराठी दोन्हीला चालते. गुजरातीत सध्या पासापुरतं झालं तरी बास. शिकवायची पद्धत जुनी आणि कंटाळवाणी आहे पण चालते तीच. एक आवाज, त्याचं अक्षर, तोंडाने म्हणायचं, हाताने लिहायचं, मग दोन आवाज जोडायचे, पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. माझ्याकडे ताटात रवा पसरून त्यात बोटाने लिहून घेते, नंतर त्या रव्याचा शिरा होत नाही, मुलं दर वेळी विचारतात म्हणून सांगितलं. आठवड्यात तीन-चार वेळा, अर्धा-पाऊण तास, आणि वर्ष-दोन वर्षं धरून चाला. पंधरा दिवसांत फरक म्हणणाऱ्याकडे जाऊ नका.

होमवर्कला सायन्स आणि सोशलचा धडा तुम्ही वाचून दाखवा. लाड नव्हेत ते. धडा समजणं आणि धडा वाचता येणं ही दोन वेगळी कामं आहेत, एकाच्या पायी दुसरं बुडवायचं नाही. पाहुण्यांसमोर वाचून दाखव म्हणणं बंद. आणि मराठी सुटेल म्हणून घाबरू नका, मराठीचं पुस्तक सध्या त्याच्यासमोर ठेवूच नका, सासूबाईंना सांगा रोज रात्री एक गोष्ट, लांबलचक, जुन्या शब्दांसकट. तीच त्याची मराठी. शिवाय सासूबाईंना काम मिळेल, तो फायदा वेगळा.

माझं वय ७१. आमच्या वेळी हे डिस्लेक्सिया वगैरे काही नव्हतं. सर्व मुले शिकत होती. आमचे सयाजीराव महाराज बाराव्या वर्षी खेड्यातून आले, अक्षरओळख नव्हती, आणि बघता बघता राज्य चालवू लागले. मेहनत केली की सर्व येतं. माझ्या नातवाला मात्र डॉक्टरांनी लेबल लावून दिलं आणि आता तो अभ्यासच करत नाही. ही पळवाट नाही का? – एक आजोबा, रावपुरा

काका, महाराजांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं केलंत, कारण ते तुमच्याच विरुद्ध जातं. रागावू नका.

१८७५ मध्ये कवळाण्याहून बारा वर्षांचे गोपाळराव आले तेव्हा त्यांना वाचता येत नव्हतं कारण कुणी शिकवलंच नव्हतं. शिकवायला माणसं मिळाली, मोठा वाडा, वेळ, मास्तर, आणि ते भराभर शिकले, १८८१ च्या शेवटी कारभार हातात घेतला. म्हणजे अडचण शिकवण्याच्या अभावाची होती, ती दूर झाली की वाट मोकळी. डिस्लेक्सिया नेमका याच्या उलट. शाळा आहे, टीचर आहे, ट्यूशन आहे, बुद्धी आहे, मेहनत पण आहे आणि तरी अक्षर पकडत नाही. दोन्ही पोरं वाचत नाहीत म्हणून दोघांचं दुखणं एक नव्हे. पोट दोन कारणांनी दुखू शकतं, औषध एकच देऊन कसं चालेल?

आणि आमच्या वेळी नव्हतं म्हणता, तर असं बघा. १८९६ साली इंग्लंडमध्ये प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरने एका १४ वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. हुशार मुलगा, गणित चांगलं, पण वाचता येईना, स्वतःचं नाव पर्सी, तेही लिहिताना अक्षरं मागेपुढे करायचा. त्याच्या मास्तरांचं म्हणणं होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. डिस्लेक्सिया हा शब्द तर त्याच्याही आधीचा, १८८७ चा, जर्मनीतल्या बर्लिन आडनावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरचा. म्हणजे तुमच्या आजोबांच्या वेळीही होतं. दिसत नव्हतं. १९०६ मध्ये महाराजांनी सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, त्याआधी शेतकऱ्याच्या पोराला वाचता येत नाही हे कुणाच्या लक्षात तरी येणार होतं का? सगळे शाळेत बसायला लागले तेव्हा मागे राहणारे दिसू लागले. तुमच्याच वर्गात आठवून बघा, चौथी-पाचवीनंतर कोण कोण गळालं, कुणी वडिलांच्या दुकानात बसलं, कुणी गॅरेजमध्ये लागलं, सर्व मुले शिकत होती म्हणताय त्यातली ही पोरं धरलीत का? आमचा एक चुलतमामा होता, खंडेराव मार्केटजवळ भाजीचा हिशोब तोंडी आण्यापैशासकट करायचा आणि पत्र आलं की शेजारच्यांकडे न्यायचा. सगळे त्याला ढ म्हणायचे. आता वाटतं, कुणास ठाऊक.

पळवाटीबद्दल मात्र तुमचं मी थोडं ऐकते. लेबल मिळालं आणि शिकवणं थांबलं असं काही घरांत होतं, ते चूकच. मला डिस्लेक्सिया आहे म्हणजे मला वाचायचं नाही असा अर्थ नव्हे, मला वेगळ्या पद्धतीने आणि जास्त वेळ वाचायला शिकायचंय असा आहे. त्याला हे तुम्ही सांगा, आजोबांचं पोरं ऐकतात. नाही ऐकलं तर निदान सुरसागर तलावावर फिरायला न्या आणि वाटेवरच्या पाट्या दोघं मिळून वाचा, त्याने एक, तुम्ही एक.

ताई, एका ठिकाणी रंगीत काचांचा चष्मा सांगितलाय, दुसऱ्या ठिकाणी डोळ्यांचे व्यायाम, आणि एक क्लासवाले म्हणतात मेंदू अॅक्टिव्हेट करतो, डोळ्याला पट्टी बांधून मुलं वाचतात. तिन्ही महाग आहेत. कोणतं घेऊ? – कारेलीबाग

कोणतंच नको. नंबर असेल तर नंबरचा चष्मा लावाच, तो डोळ्यासाठी. पण रंगीत काचा आणि डोळ्यांच्या व्यायामांनी डिस्लेक्सिया सुधारतो याला पुरावा नाही, हे अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्ये एकत्र बसून जाहीर केलंय. पट्टीवाल्यांबद्दल काय बोलू, पट्टी आणि नाक यांच्यामध्ये फट असते, मुलं तिथून बघतात, मुलं हुशार असतात. ज्याला उघड्या डोळ्यांनी वाचता येत नाहीये त्याला झाकून शिकवायला निघाले. स्मरणशक्तीची पावडर पण कुणीतरी सुचवेल तुम्हाला, ती दुधात बरी लागते एवढंच. ते पैसे चांगल्या शिकवणाऱ्या बाईंना द्या.

मी दहावीत आहे, सीबीएसई. मला डिस्लेक्सियाचं सर्टिफिकेट आहे. बोर्डाला एक्स्ट्रा टाइम मिळणार आहे पण मैत्रिणी म्हणतात तुझं काय बाबा, मजा आहे, आम्हाला पण दे. मला वाटतं घेऊच नये. चीटिंग केल्यासारखं वाटतं. – नाव नको

घे. शाळेमार्फत अर्ज वेळेत गेलाय का ते उद्याच्या उद्या विचार, बाकीचं नंतर वाच.

तुला तासाला २० मिनिटं जास्त मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तुझ्या मैत्रिणी प्रश्न एकदा वाचतात, तू तोच प्रश्न तीनदा वाचतेस, एकदा अक्षरं जोडायला, एकदा शब्द धरायला आणि मग कुठे अर्थाला. त्यांचा पेपर तीन तासांचा असतो, तुझाही तेवढाच पडावा म्हणून तो तास. त्या तासात कुणी तुला उत्तरं सांगत नाही. मैत्रिणींना म्हणावं, एक काम करा, सोशलचा एक धडा गुजरातीत वाचा, उलट्या हाताने उत्तरं लिहा, आणि मग वेळेचं बोलू. (तुझ्या मैत्रिणी गुजराती असतील तर हे फसेल, मग मराठी दे त्यांना, जोडाक्षरांसकट.)

दोन भाषांऐवजी एकच भाषा घ्यायची सवलत पण सीबीएसईत आहे, लेखनिक मिळतो, पण ते सगळं सगळ्यांना लागतंच असं नाही. तुला लेखनिक नको असेल तर नको घेऊस. वेळ मात्र सोडू नकोस आणि त्याची प्रॅक्टिस आत्तापासून कर, चार तास बसायची पण सवय लागते, नाहीतर शेवटच्या तासात नुसती खिडकीतून बघत बसशील. माझी एक मुलगी तशीच बसली होती, म्हणाली बाहेर माकडं होती.

मी गुजराती मीडियमच्या प्राथमिक शाळेत शिकवते, वर्गात ४५ मुलं. दोघा-तिघांबद्दल मला शंका आहे. एवढ्या मुलांत मी वेगळं काय करणार? – एक शिक्षिका

बेन, तुम्ही शंका घेतलीत इथेच अर्धं काम झालं. शंभरात पाच ते दहा मुलांना कमीजास्त प्रमाणात हा त्रास असतो असं धरतात, म्हणजे तुमच्या ४५ मध्ये दोन ते चार, तुमचा अंदाज बरोबर बसतो. वेळ न लागणाऱ्या गोष्टी आधी करा. ओळीने उठून वाचायला लावणं बंद, किंवा त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवा उद्या तुझ्याकडे या चार ओळी, घरून करून आण. पर्यावरणाच्या पेपरात जोडणीच्या, म्हणजे शुद्धलेखनाच्या, चुकांचे मार्क कापू नका, तिथे पर्यावरण तपासताय, जोडणी नव्हे. फळ्यावरचं सगळं उतरवायला लावू नका, शेजारच्याच्या वहीचा मोबाइलवर फोटो चालतो. एखादा प्रश्न तोंडी विचारा आणि मग बाकीची मुलं कशी बघतात ते बघा, ढ समजलेलं पोर फाडफाड बोलतं तेव्हा वर्गाचा चेहरा बदलतो. कागद छापणार असाल तर अक्षर जरा मोठं आणि मोकळं. लाल पेन अर्धं करा. आणि पालकांना बोलवाल तेव्हा तक्रारीच्या आधी त्याचं एक चांगलं सांगा, नाहीतर घरी जाऊन मार बसतो.

(ही व्हॉइस नोट. मी ऐकून लिहून काढलीय, अर्धी मराठी अर्धी गुजराती होती, ती सगळी मराठीत केलीय.) ताई नमस्कार, मी मकरपुऱ्याला कंपनीत आहे, वय ३६. तुमचं ते बायकोने वाचून दाखवलं म्हणून कळलं. मशीनचा आवाज ऐकून मी सांगतो बेअरिंग गेलंय का बेल्ट. आता मला सुपरवायझर करतायत. त्यात रोज रजिस्टर लिहायचं, सर्क्युलर वाचून पोरांना सांगायचं. मला वाचता येत नाही असं नाही, येतं, पण एका पानाला वीस मिनिटं लागतात आणि कुणी समोर असलं की तेही बंद. आत्तापर्यंत चष्मा विसरलो सांगून काढली. नववीत शाळा सोडली. बायकोला अर्धंच माहितीये. मुलगी सीनियर केजीत आहे. प्रमोशन नको म्हणून सांगू का? आणि मुलीला पण होईल का हे?

भाऊ, नाही म्हणू नका. निदान या महिन्यात तरी नका म्हणू.

तुमची नोट मी तीनदा ऐकली. चष्मा विसरलो हे वाक्य मी इतक्या मोठ्या माणसांकडून ऐकलंय, त्याचं एक दुकान निघेल. काही जण हाताला बँडेज बांधतात फॉर्म भरायची वेळ आली की, काही जण म्हणतात तूच लिही रे तुझं अक्षर छान आहे. वर्षानुवर्षं असं झाकायला डोकं किती लागतं याचा विचार केलाय का कधी? ते डोकं तुमचंच आहे. बेअरिंग कानाने ओळखणाऱ्याला ढ म्हणायची माझी तरी हिंमत नाही.

आता कामाचं. रजिस्टरचे मागच्या महिन्याचे फोटो काढा. तुम्हाला वाटतंय तिथे हजार शब्द आहेत, नाहीत. शिफ्ट, मशीन नंबर, बंद, चालू, ऑइल, कारण, वेळ, सही, असे पन्नास-साठ शब्द फिरून फिरून येतात, कुठल्याही कंपनीचं रजिस्टर बघा. ते सगळे शब्द एका वहीत काढा, रोज एक घ्या, मोठ्याने म्हणत लिहा, दोन-अडीच महिन्यांत तुमचं रजिस्टर तुमच्या हातात. अख्खी गुजराती शिकायला बसलात तर दमाल, रजिस्टर शिका. साहेबांना सगळं सांगायची गरज नाही, एवढंच विचारा की टिक करायचा छापील तक्ता करू का, सगळ्यांचाच वेळ वाचेल. साहेब खूश होतील, आयडिया सुपरवायझरची म्हणतील.

सर्क्युलरसाठी फोन. गूगल लेन्सने कागदाचा फोटो काढला की ते वाचून दाखवतं, इअरफोन लावा, मग पोरांना सांगा, तुमच्या तोंडून ते कागदापेक्षा बरंच कळेल त्यांना. लिहायचं असेल तर कीबोर्डवरचा माइक दाबून बोला, गुजराती-मराठी दोन्ही उमटतं, चुका होतात, त्या तर सगळ्यांच्याच होतात. पुस्तकं ऐकायची हौस असली तर सुगम्य पुस्तकालय म्हणून ऑनलाइन लायब्ररी आहे, छापील वाचायला ज्यांना अडचण येते त्यांच्यासाठीच काढलेली, २०१६ पासून चालू आहे. आपल्या बडोद्याला हे नवीन नाही, पुस्तकापर्यंत माणूस पोचत नसेल तर पुस्तकाने माणसापर्यंत जावं म्हणून महाराजांच्या वेळी पेट्यांत भरून पुस्तकं गावोगाव जायची. आता पेटी खिशात आली एवढाच फरक.

वाचायला शिकायचं वय गेलेलं नाही. मोठ्या माणसाचा वेग मुलांएवढा वाढत नाही हे खरं, पण वाढतो, मी बघितलंय, आणि मोठ्यांना का शिकायचंय ते माहीत असतं म्हणून ते क्लास बुडवत नाहीत. आधी तपासणी करून घ्या, कदाचित डिस्लेक्सिया असेल, कदाचित नुसतं शिकवणंच कच्चं राहिलं असेल, कोणतं ते कळलं की मार्ग ठरतो.

मुलीचं. घरात कुणाला असलं तर मुलांना असण्याची शक्यता वाढते, पण वाढते म्हणजे होईलच असं नाही. तिला घाबरत घाबरत तपासू नका. तिच्याशी आवाजांचे खेळ खेळा, कामावरून आल्यावर दहा मिनिटं, पाटी म्हटलं की तिने माटी म्हणायचं, दाटी म्हणायचं, अर्थ नसला तरी चालेल. पोहेमधला पो काढला तर काय राहिलं. यात तुम्हालाही मजा येईल आणि तुमचाही सराव होईल, हे मी मुद्दाम सांगत नाहीये पण तसंच आहे. पहिलीच्या मध्यापर्यंत अक्षर-आवाजाची जोडी बसत नाहीये असं वाटलं तर लगेच मदत सुरू करा. सर्टिफिकेटला आठ वर्षांचं वय लागतं, शिकवायला नाही लागत.

राहिली बायको. पूर्ण सांगा. तिने माझा लेख वाचून दाखवला म्हणता, आणि तोच लेख का वाचून दाखवला असेल, जरा विचार करा. तिला अर्धं नाही, बहुतेक सगळंच माहितीये आणि ती तुम्ही कधी बोलताय त्याची वाट बघतेय असं मला तरी वाटतं.

तुमचं हे उत्तर मी गुरुवारीच बोलून, रेकॉर्ड करून पाठवलंय, अंक यायची वाट बघायला लागू नये म्हणून. नऊ मिनिटांचं झालं, मध्ये कुकरची शिट्टी आहे, तेवढी सोडून द्या.